अंगणात उतरायची प्लेट

९ ऑक्टो.
लकवा झाल्यापासून आज पहिल्यांदा हे चाकांच्या खुर्चीवरून अंगणात आले. पायऱ्यांवर लोखंडी प्लेट टाकून उतार केला तो गजाननने. चौथीत माझ्या वर्गात होता, आता वेल्डिंगचं दुकान आहे. "बाई, घरचीच पडली होती." हे तासभर लिंबाखाली बसले. शेजारच्या बकरीवर खेकसलेसुद्धा! मला रडूच आलं.

१२ ऑक्टो.
नाल्याच्या बंधाऱ्यात प्लेटा बसवायला माणसं आली. पावसाळ्यापूर्वी काढून काठावर रचतात, त्यातल्या अकरा गायब. पाणी अडलं नाही तर खालच्या शेतांत हरभरा नाही. पोलिसात तक्रार गेली.
संध्याकाळी उतार झाडताना रंग खरवडला. खाली सरकारी नंबर. मेली मास्तरकीची खोड.

१३ ऑक्टो.
गजाननला बोलावलं. मान खाली. "भंगारवाल्याजवळून घेतली बाई. नंबर दिसला होता मले. पण सर खोलीतच पडून राहत होते, पाहावलं नाही." एकच घेतली म्हणतो. राग आला, चहाही दिला.

१४ ऑक्टो.
लाखनीला भाच्याला फोन. वकील आहे. शेजारणीचं म्हणून विचारलं.
"नकळत घेतलं त्याचा गुन्हा नाही मावशी. कळल्यावर ठेवलं, त्याचा हाये. माल सरकारी, जेल होऊ शकते. कधी कळलं तेच पाहतात."
"आणि देणाऱ्याला माहीत असेल तर?"
"मंग तो गेलाच. पण तू काहून विचारून राहिली?"
कधी कळलं ते इथे माझ्याच अक्षरात आहे. बारा तारीख. पान फाडावंसं वाटलं. आजवर एकही फाडलेलं नाही.

१६ ऑक्टो.
ह्यांना सगळं सांगितलं. प्लेटकडे पाहिलं. मग चांगला हात उचलून खोलीकडे दाखवला. "आत... ने. देऊन... टाक."
मी लगेच नेलं नाही. ऊन उतरेपर्यंत बसू दिलं.

१७ ऑक्टो.
प्लेट बंधाऱ्यावर पोचवली. गजाननच ठेला घेऊन आला. बंधाऱ्याच्या कामावरच्या साहेबांनी विचारलं, "कोणी दिली मॅडम?" गजानन शेजारीच उभा. मी म्हटलं, माझ्या घरातून आणली. "ते ठाण्यात सांगा."

१८ ऑक्टो., सकाळ
अकरा वाजता ठाण्यात जबाब. ही वही दाखवली तर नकळत घेतली, कळल्यावर पाच दिवसांत परत दिली हे दिसतं; मी बहुधा सुटते, तो अडकतो. नाही दाखवली तर नाव विचारणारच, आणि जबाबात मला खोटं बोलता येणार नाही, पोरांना खरं बोलायलाच तर शिकवलं.
वही पिशवीत घातली. काढली. गजानन फाटकाशी येऊन उभा आहे. "चला बाई, सोडून देतो," म्हणतो.