खिडकीतला पाईप

६ ऑक्टोबर २००४
मशीन आज तीनदा बंद पडलं. पत्र्याची खोली, वर ऑक्टोबरचं ऊन. प्रोसेसर तापला की स्क्रीन काळी. तिसऱ्यांदा एका लग्नपत्रिकेचं अर्धं काम गेलं, तेव्हा कीबोर्ड भिंतीवर आपटला. बटणं अजून सापडतायत. मंगल दारात आली, माझ्या हातांकडे बघितलं आणि मागच्या मागे गेली. बायको हल्ली आधी हात बघते, मग तोंड.

९ ऑक्टोबर
नाशिकला गेलो. मेलेल्या पॉवर सप्लायमधले दोन पंखे आणले. कॅबिनेटच्या कुशीला छिन्नीने भोक पाडायला घेतलं. पत्रा ऐकेना. मग हातोड्याने असा हाणला की कॅबिनेट कायमचं तिरकं झालं. भोक पडलं मात्र.

११ ऑक्टोबर
ड्रेनेजचा चार इंची पाईप. एक टोक प्रोसेसरच्या डोक्यावर, दुसरं खिडकीबाहेर. मध्ये पंखा, बाहेरची हवा आत ओढायला. सांधे द्राक्षाच्या खोक्यांचा पुठ्ठा आणि एम-सील लावून बुजवले. फिरत्या पंख्यात बोट गेलं, अर्धं नख उडालं. शिव्या पार गल्लीपर्यंत.
अशोक बघत उभा होता. माझा धाकटा. बाग तो एकटा सांभाळतो, म्हणून मला मशीन सांभाळता येतं.
"दादा, ह्या खिडकीतून नको घेऊ. बागेचं तोंड हाय इकडं. मी गंधक धुरळलं का समदं आत यील."
म्हटलं, तू द्राक्षं बघ, यातलं मला कळतं.
तरी मंगलच्या जुन्या साडीचा तुकडा जाळी म्हणून बांधला.

१५ ऑक्टोबर
प्रोसेसर एकाहत्तर अंशांवरून अठ्ठावन्न! दिवसभर एकदाही बंद नाही. जाळी काढून पाहिली तर पंचावन्न. काढूनच टाकली.

२० नोव्हें.
बागेत भुरी आलीय, पानापानावर पांढरी बुरशी. अशोक तीन दिवस गंधकाची पावडर धुरळतोय, डोळे लालभडक. इकडे तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांची रांग. जेवताना म्हणाला, "एक दिस ये ना दादा, बागेत." मी ताट असं भिरकावलं की वरण भिंतीला.
आई म्हणाली, "बापावर गेला तू. पार बापावर."
बापू बैलांना चाबूक दाखवायचे आणि मारायचे आम्हाला. माझ्या वाटचे निम्मे फटके अशोकने मध्ये पडून खाल्ले. तेव्हा तो आठ वर्षांचा.

२ डिसें.
मशीन मेलं. जळका वास, पंखा जागच्या जागी गच्च. सगळ्या पत्रिका आत.
अशोक धावत आला. "दादा, काल मी त्याचं झाकण उघडलं व्हतं, आत पिवळं..."
'उघडलं' एवढंच ऐकलं. पूर्ण पंजा, डाव्या कानाखाली. मग अजून एक, तिथेच. पडला तर लाथ. मंगल दंडाला लोंबकळली तरी दुसरी लाथ बसलीच. त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार आली तेव्हा थांबलो. थांबलो म्हणजे दमलो.
तो उठला, पडवीतून कोयता घेऊन आला. वाटलं, आता हा मला तोडणार. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. पण माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. दोन घाव पाईपावर, कोयता तिथेच टाकला, निघून गेला.
तुटलेल्या पाईपातून पिवळी पावडर सांडली. ओंजळभर गंधक. दवाने ओलं होऊन पंख्याच्या पात्यांत दगडासारखं बसलेलं.
त्याने उघडलं होतं ते हेच बघायला. तेच सांगत होता.

३ डिसें.
खोली झाडली. पावडर उकिरड्यात पुरली. कुणाला बोललो नाही. घर अजून समजतंय की अशोकने मशीनला हात लावला म्हणून ते गेलं. मी समजू देतोय.

५ डिसें.
मंगल त्याला नाशिकला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पडदा फाटलाय. सहा आठवड्यांत आपोआप भरेल, नाहीतर नाही. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? अशोक म्हणाला, "ट्रॅक्टरवरून पडलो."
मंगलने हे मला सांगितलं.

१२ डिसें.
अशोक बागेतल्या खोपीत राहायला गेला. आईला सांगून गेलाय, संक्रांत झाली की वाटणी. आई म्हणते, तू जाऊन दोन शब्द बोल, तो थांबेल. दोन शब्द कोणते ते तिला माहीत नाही.
लाज वाटते. भीती त्याहून जास्त.

२६ डिसें.
गेलो. बांधावर बसून घड निरखत होता. शेजारी बसलो. डाव्या बाजूला, फाटलेल्या कानाकडे. मुद्दाम बसलो, हे इथे तरी लिहून ठेवतो. हळू आवाजात सगळं सांगितलं. खिडकी माझी, पाईप माझा, जाळी मी काढली, पावडर मी पुरली. तू सांगितलं होतंस.
त्याने मान वळवली नाही. एक घड सोडून दुसरा हातात घेतला.
"तू काही म्हणला का?" त्याने विचारलं.
"काही नाही," म्हटलं. उठून आलो. भेकड!

४ जानेवारी २००५
पुन्हा भुरी. सकाळी खोलीत रिकाम्या टेबलाशी बसलो होतो. अशोक पाठीला धुरळणीचं यंत्र बांधून खिडकीखाली थांबला. तोंडाला फडकं, फक्त डोळे दिसत होते.
"खिडकी लाव."
दादा म्हणाला नाही. उत्तराला थांबलाही नाही, ओळीत शिरला.
म्हणजे त्या दिवशी ऐकलं होतं? की पाईप तोडला तेव्हापासूनच माहीत होतं?
खिडकी लावायला गेलो तर लागेना. पाईपाचा तुटका तुकडा अजून तिथेच एम-सीलमध्ये घट्ट. बाहेर पिवळा धुरळा उठला. मी पाईपाच्या तोंडावर उजवा पंजा दाबून धरला आणि त्याची शेवटची ओळ होईपर्यंत तसाच उभा राहिलो. दुपार झाली.