कामठ्याची पाठ

मरोदा, भिलाई
दि. २४ नोव्हेंबर २०२५

केवलराम यास,

आम्ही इकडे ठीक आहो, तुम्ही सगळे ठीक असाल. थंडी पडली का तुझ्या वच्छला वहिनीचे गुडघे धरतात, तसे याही वर्षी धरले. तुझी रिटायरमेंट झाल्याचं लोकांकडून समजलं. नंदिनी खदानीचं क्वार्टर सोडावं लागणार का, ते मले माहीत नाही अन् विचारायचंही नाही.

फोन तू उचलणार नाही, अन् उचलला तर मी धड बोलणार नाही, म्हणून हे पत्र. तुझी पोरगी भूमिका माझ्या घरी येते. पाच रविवार झाले, कुम्हारीच्या तिच्या खोलीवरून स्कुटीवर येते अन् संध्याकाळच्या आत परत जाते. तुले तिनं सांगतलं नसणारच. काल मी तिचं धनुष्य, तिनं स्वतः केलेला कामठा, तोडला. ती तुले सांगेल का मोठ्या बाबानं जुनी दुष्मनी काढली. म्हणून तिच्या आधी माझं ऐकून घे.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी ती दारात उभी राहिली, खांद्यावर तिच्या छातीइतकं उंच लाकूड घेऊन. मी तिले नऊ वर्षांची असताना पाहिलं होतं. ओळखायले वेळ लागला नाही, नाक तुझंच आहे. मी दारातूनच परत पाठवणार होतो. तुझ्या घरचं माणूस माझ्या उंबऱ्याच्या आत नको, हे मी वच्छलाले कितीदा सांगतलं आहे. पण वच्छला मधात आली अन् पोरीचा हात धरून तिले आत घेऊन गेली.

चहा पिता पिता तिनं सांगतलं. तुझ्या घरी पोत्यात बांधलेला तासायचा वाकस अन् लाकूड चिरायच्या पाचरी तिले सापडल्या. तिनं विचारलं तर तू पोतं उचलून घेऊन गेला, अन् त्या कामाचं नाव काढू नको म्हणाला. तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलं का आपण स्वतः कामठा करायचा. जानेवारीत गावी जाऊन बांधावरच्या धामणीची सीधी फांदी कापून आणली. उभी चिरून घेतली, टोकाले भेगा जाऊ नये म्हणून ऑइलपेंट लावला अन् दहा महिने खोलीत सावलीत वाळवली. एवढं सगळं मोबाईलवर पाहून. नोकरी रायपूरच्या लॅबमध्ये रक्त तपासायची, अन् हौस ही.

मी म्हणालो, मग मोबाईललेच विचार, माझ्याकडे कावून आली?

ती म्हणाली, “मोठे बाबा, पापा तो कुछ बताते ही नहीं. तुम्ही सांगा ना, त्यांचं काय चुकलं होतं? मले तीच गलती नाही करायची.”

मी तिले तेच सांगतलं जे एकोणीस वर्षांपासून सगळ्याले सांगत आलो. का तुझ्या बापानं कामठ्याचं पोट, म्हणजे धरणाऱ्याच्या तोंडाकडची बाजू, गरजेपेक्षा जास्त तासली. पोट कमजोर झालं. गावाबाहेर सशाच्या मागं गेलो होतो, मी ओढला तसा तो मधात फुटला अन् छिलका माझ्या उजव्या डोळ्यात गेला. शिकारीले बंदी म्हणून दवाखान्यात आपण झाडाची फांदी लागली असं लिहवलं. एका डोळ्यानं क्रेन चालवू देत नाही, म्हणून मले केबिनमधून उतरवून टाइम ऑफिसात बसवलं. हे सगळं मी पोरीले तिच्या तोंडावर सांगतलं, अन् सांगताना मले बरं वाटलं. खोटं कायले लिहू.

तिनं वहीत लिहून घेतलं. पोट जास्त तासायचं नाही.

मग दर रविवारी ती मागच्या आंगणात बसे अन् मी खुर्चीवर. मी आयुष्यात कामठा केला नाही, पण तू पोट्टा होता तेव्हापासून तुले करताना पाहिलं. मूठ मधात ठेव, तिथून दोन्ही टोकाकडे पातळ करत जा. गाठीभोवती जरा जास्त लाकूड ठेव. आधी लांब, ढिली दोरी बांध, चार बोटं ओढ अन् मागं सरकून पाह, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का. एकदम ओढायचं नाही. बाण न लावता दोरी सोडायची नाही. तुझेच शब्द माझ्या तोंडातून निघून राहिले होते अन् मले त्याचा राग येत होता. पोरीचा हात चांगला आहे. तुझ्यासारखाच, काचेच्या तुकड्यानं खरवडते तर भुरकट पापडी निघते, भुसा नाही. वच्छला तिले भाजी-भाकर देऊ लागली. मी अडवलं नाही.

एक गोष्ट मात्र मी तिले सांगतली नाही. पाठीची. साल काढली का खालचं जे लाकूड लागते, बाहेरच्या बाजूचं, त्याले हत्यार लावायचं नाही, सगळा ताण तेच झेलते. तू हे शंभरदा म्हणायचा. मी पाच रविवार तिच्यासमोर बसलो अन् पाठीचं नावच घेतलं नाही.

काल ती आली तेव्हा दोरी चढवूनच आली होती. खुश होती. मधल्या दिवसांत कामठा कडक वाटला म्हणून तिनं घरी थोडा पातळ केला. आता पूर्ण ओढून दाखवते म्हणाली, बाण लावला अन् भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी भिंतीपाशी बाजूले बसलो होतो, ती माझ्या डाव्या, उरलेल्या डोळ्याच्या बाजूले. मले पाठ दिसली. मुठीच्या वर वीतभर जागी ती खरवडलेली होती, पांढरी. पोट जास्त तासायचं नाही म्हणून सांगतलं होतं ना मी. मग तिनं पाठीकडून काढलं. दुसरं काय करणार होती ती?

दोरी तिच्या गालापर्यंत आली होती.

मी उठून तिच्या हातावर मारलं. बाण आंगणात पडला. कामठा हिसकून मी गुडघ्यावर ठेवला अन् दाबला. जोर लावावाच लागला नाही, त्या पांढऱ्या जागीच तो गेला.

ती रडली नाही. दोन्ही तुकडे उचलले, पुसले अन् म्हणाली, “पापा चूप राहतात, तुम्ही तोडता. मी शिकू कोणाकडून?” ती स्कुटी चालू करून निघून गेली, वच्छला फाटकापर्यंत मागं गेली तरी थांबली नाही.

आता पुढचं वाच. तुले माहीत आहे, तरी माझ्या हातचं वाच.

त्या वर्षी शिकारीच्या आदल्या दिवशी तू नवा कामठा माझ्या हातात दिला. आंगणात गावचे सातआठ जण होते. मले तो छातीच्या पुढं ओढला गेला नाही. तू हसला अन् सगळ्यांसमोर म्हणाला, “राहू द्या भाऊ, हा क्रेनचा लिव्हर नाही.” सगळे हसले. आपले बाबाही हसले. लहानपणापासून घरात हातांची तारीफ झाली ती तुझ्या, मी फक्त पगार आणणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तलावावर गेले तेव्हा मी बाटली फोडली अन् काचेनं कामठा खरवडला. पोटाकडून खरवडला असता तर हातात घेताच तू ओळखला असता, म्हणून पाठीकडून. पाठीचं तू जे सांगायचा तो मले तुझा नखरा वाटायचा. वरून जवसाचं तेल चोळलं. ओढून पाहिला तर सहज आला. मी खुश झालो होतो, केवलराम.

तुझा कामठा फुटला नाही. मी कापलेला फुटला.

दवाखान्यात आई उशाशी बसली होती अन् विचारत होती, कसा फुटला. मी म्हणालो, केवलरामले विचार, त्यानं केला. एवढंच बोललो. त्यानंतर आईनं तुझ्या घरी पाय ठेवला नाही. तू आणलेलं औषध तिनं खिडकीत ठेवून दिलं अन् तसंच ठेवलं. शेवटच्या तीन महिन्यांत ती माझ्याच घरी खाटेवर होती, रोज मी तिच्याजवळ बसे, अन् रोज सांगता आलं असतं. काल हे सगळं मी वच्छलाले सांगतलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “आईले सांगायले पाहिजे होतं,” अन् ताट घेऊन आत गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलली नाही.

पण तुलेही मी सोडणार नाही. फुटलेले तुकडे तूच उचलले होते. लाकडाची एवढी पारख असलेल्या माणसाले काचेची खरवड दिसली नाही, हे मी मानत नाही. तुले त्याच दिवशी समजलं होतं. तरी तू सगळ्यांचं ऐकून घेतलं, हत्यारं पोत्यात बांधली अन् चूप बसला. कोणासाठी? माझ्यावर उपकार म्हणून? एकदा चारचौघांत म्हटलं असतं का भाऊ, पाठ तुम्ही कापली, तर आपण भांडलो असतो, मी खोटा पडलो असतो अन् ते तिथंच संपलं असतं. तुझ्या चूप राहण्यानं मले दरवर्षी तुझा जास्त राग आला. अजून येतो. तू हसला होता तेही मी विसरलो नाही. ते तुझं आहे, अन् हे माझं.

माफी मागून राहिलो नाही. तू माफ केलं तर तुझं आणखी एक ओझं माझ्या डोक्यावर, ते मले नको. तू इकडे येऊ नको, मी तिकडे येणार नाही.

पण ती पोरगी थांबणारी नाही. ती दुसरा कामठा करेल, अन् तिच्या वहीत माझं खोटं लिहिलेलं आहे. ते तिच्या हातानं खोडून घे. हे पत्र तिले वाचायले दे, पुरं, मधलं काही न झाकता. अन् पाठ म्हणजे काय ते तिच्याजवळ बसून तू दाखव. मी दाखवू शकत होतो, पाच रविवार दाखवलं नाही.

पत्र फाडू नको. घरात, गावात, ज्याले दाखवायचं त्याले दाखव.

पाठ कापणारा,
गुलाबराव