चिठ्ठीत पाय मोडला होता

चि. धाकट्यास आईचा भरभरून आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. आत पत्र घालायचं तेवढं विसरलास. तू खुशाल आहेस असं मी धरून चालले. सूनबाईची कंबर कशी आहे?

हे पत्र तुझी भाची लिहून घेतेय. तिच्या शाळेत अकरावीच्या पोरांना ॲम्ब्युलन्सवरचं काम शिकवतात. सरावाला खोटे पेशंट लागतात, म्हणून मीही गेले. बाकं सरकवून मला सतरंजीवर झोपवलं. दंडाला पट्टा कशाला, त्यात हवा कशाला, सगळं विचारून घेतलं. सर म्हणाले, "आजी, पेशंट एवढं बोलत नाही."

प्रत्येकाला आजाराची चिठ्ठी देतात, तसं नाटक करायचं. मला कुठलं वाचता येतंय! मला तपासणाऱ्या पोरीनं विचारलं, "काय होतंय?" मी आपलं खरं ते सांगितलं: जिना चढले की छाती आवळते, डावा हात जड होतो.

सर म्हणाले, "चिठ्ठीत तर पाय मोडलाय."

पोरगी हटली नाही. "सर, आजी नाटक करत नाहीये."

तुला हे कधी बोलले नव्हते, रागावू नकोस. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, गुरुवारी छातीला तारा लावून तपासणार आहेत. त्या मशिनला आतलं काय काय दिसतं, ते मला बघायचंच आहे. ताई सोबत आहे, तू धावत येऊ नकोस. आलासच तर गुरुवारच्या आत ये.

खालचा अंगठा माझाच.

आई

ता. क. खारे शेंगदाणे आता बंद. बिनमिठाचे भाजून पाठव, आणि डब्यात शेंगदाणे घालायला विसरू नकोस.