परतीची पट्टी

३ फेब्रु., मंगळ
मोहने गावातलं नेट पुन्हा गेलं. टीव्ही चालू, कारण त्याचा सिग्नल फक्त खाली, घरांकडे जातो. नेटला घरांकडून आमच्या केबल कंपनीच्या कल्याणच्या कंट्रोल रूमपर्यंत वरही यावं लागतं, आणि त्या परतीच्या सिग्नलला मिळते तळाची पट्टी, ५ ते ६५ मेगाहर्ट्झ. बाकी सगळं चॅनेलांचं. तळातही खालचा भाग मिक्सर, पंप, वेल्डिंगच्या खरखरीने भरलेला. म्हणून मी परतीचा सिग्नल ३० च्या वर आखला होता. आज खरखर ४५ पर्यंत चढली.
साळवी सर : "मोहन्याचा तो म्हातारा केबलवाला. वायरी नाहीत, वाळत घातलेली धोतरं आहेत." सगळे हसले. मी ग्राफ सेव्ह केला.
तो म्हातारा म्हणजे अण्णा, माझा बाप. इथे कोणाला माहीत नाही. आमच्या आडनावाची माणसं कल्याणात ढिगाने.

४ फेब्रु., बुध
सिग्नल ५० च्या वर नेला. तिथे जागा अरुंद, वेग निम्मा. आता आंबिवलीच्या तक्रारी. दोन्हीकडची घरं एकाच पोर्टवर येतात, वर येताना सगळ्यांची खरखर एक होते. मोहन्याची घाण आंबिवलीनेही भोगायची. याहून वर सरकायला पट्टी उरलेली नाही.

६ फेब्रु., शुक्र
मीटर घेऊन मोहन्याला. लाइनची एकेक फांदी सोडवत गेले. कारखान्याच्या जुन्या क्वार्टर्सची फांदी काढली आणि ग्राफ सपाट झाला.
कारखाना बंद झाला, माणसं गेली, वायरी राहिल्या. खिडकीच्या गजांना गुंडाळलेल्या, टोकं उघडी. प्रत्येक टोक म्हणजे अँटेना, आसपासची सगळी खरखर आत ओढणारी. अण्णांची पद्धतच ती. गिऱ्हाईक गेलं तरी वायर काढायची नाही. नवा भाडेकरू आला की फायबरवाला जिना चढायच्या आत कनेक्शन चालू.

८ फेब्रु., रवि
घरी गेले.
"अण्णा, काढू नका. टर्मिनेटर तरी लावा. टोपणासारखं असतं, टोकावर फिरवलं की झालं."
"वृंदे, मला शिकवू नको. तू फ्रॉकात होतीस तेव्हापासून खांबावर चढतोय मी."
"नाही लावलीत तर कंपनी तुमच्या लाइनवर फिल्टर बसवणार. परतीचा रस्ताच बंद. नुसता टीव्ही राहील."
"नेट गेलं तर एक गिऱ्हाईक थांबायचं नाही. धंदा बसला माझा."
"तेच सांगतेय."
"मग तू कशाला बसलीयस तिकडे? मी तर सगळ्यांना सांगतो, माझी पोरगी आत आहे, मला कोण हात लावतोय."
ते सगळ्यांना सांगतात. मी कोणालाच नाही. चहा न घेता निघाले.

१० फेब्रु., मंगळ
साळवी सर : शनिवारपर्यंत खरखर उतरली नाही तर फिल्टर. पट्टी मी आखली, तेव्हा बसवायचाही मीच. महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली.
"का गं? नातंबितं आहे का म्हाताऱ्याशी?" चेष्टेतच.
"नाही."
आवाज नेहमीसारखाच निघाला. याचंच जास्त वाईट वाटलं. मुदत मिळाली नाहीच.

१३ फेब्रु., शुक्र
अण्णांचा फोन : "लावली टोपणं." ग्राफ जरासुद्धा हलला नाही. संध्याकाळी जाऊन पाहिलं. तळमजल्याची सगळी लावलेली, नीट, घट्ट. वरच्या मजल्यांची एकही नाही. खोटारडेपणा, असं मनात म्हटलंसुद्धा.
खालच्या शिंदेकाकू : "अगं, वर कुठला चढतोय तो? पावसाळ्यात शिडीवरून पडलेला ना. गुडघा गेलाय. तुला नाय सांगितलं?"
नाही सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

१४ फेब्रु., शनि
मोहने. कंपनीच्या गाडीत बसून लिहितेय.
लाइनमन नितीन माझ्याआधी पोचलेला. मी उतरले तर अण्णा खांबापाशी, स्वतःची शिडी लावून.
"या मॅडम," म्हणाले.
मला वाटलं, टोमणा. मग नितीन हसत म्हणाला, "मॅडम, हे काका बोलतायत, त्यांची मुलगी आपल्याकडे आहे. तुमचंच नाव घेतात. मी बोललो, काका, सरांनी विचारलेलं मॅडमना, मॅडम सरळ 'नाही' बोलल्या."
अण्णा हसले नाहीत. "माझीच चूक झाली असेल," नितीनला म्हणाले. "नाव सारखं आहे." मग माझ्याकडे न बघता, "चढा. धरलीय मी."
बॅग गाडीत आहे म्हणून मागे आले. बॅगेत फिल्टर आहे. काल रात्री भरलेली टोपणांची पिशवीही आहे. फिल्टर या खांबावर बसतो. टोपणांना सगळे जिने चढावे लागतील, आणि सर पाचला रीडिंग मागणार.
नितीन चहा सांगायला गेला. अण्णा शिडी सोडून बसलेले नाहीत. एक पाय उचलून धरलाय, दोन्ही हात शिडीवर.
हाक मारत नाहीत. मॅडम म्हणून नाही, वृंदे म्हणूनही नाही.