घाई नाही, तुम्ही लावा

२ मार्च, रविवार

गाडी आली. इलेक्ट्रिक. आवाज नाही, धूर नाही, वास नाही. अख्खी बिल्डिंग गॅलरीत उभी होती.

संकल्प: लोक वाटेल ते बोलतील, आपण कुणालाही उलट बोलायचं नाही. हसून माहिती द्यायची. बदल असाच घडतो.

संध्याकाळपर्यंत सहा जण बोलून गेले. पहिला अर्थात धुराडे. हे शेजाऱ्याचं खरं नाव नव्हे. त्याच्या डिझेल गाडीवरून मी ठेवलंय, फक्त मनात आणि या वहीत. बिल्डिंगचा सेक्रेटरीही तोच. त्याने विचारलं, बॅटरी संपली तर ढकलायला माणसं बरोबर घेऊन फिरणार का. मी हसलो. एवढंच म्हणालो की तुमच्या नातवाला सारखा खोकला का असतो, याचा एकदा विचार करा. तो आत गेला. पटलं असावं.

सासऱ्यांना व्हिडिओ कॉल केला. चौतीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक होते. धूर खाऊन फुफ्फुसांची पार वाट लागली आहे, घरातही ऑक्सिजनची नळी लावून बसतात. त्यांना बॉनेट उघडून दाखवलं. म्हणाले, अरे, इथे काहीच नाही की, अशा गाड्या असत्या तर मी उपाशीच मेलो असतो. मग हसता हसता इतके खोकले की सासूबाईंनी फोन काढून घेतला. गाडीला चांगलं म्हणणारा आज हा एकच माणूस. मी जाहीर करून टाकलं, पुढच्या महिन्यात त्यांना या गाडीतून फिरवून आणणार. बायको बऱ्याच दिवसांनी मोकळं हसली.

५ मार्च, बुधवार

बिल्डिंगमध्ये चार्जर एक आणि इलेक्ट्रिक गाड्या दोन. एक माझी, दुसरी तिसऱ्या मजल्यावरच्या टीचरबाईंची. म्हणजे नियम हवेत. नियम माझ्याइतके कुणाला कळणार? विमा कंपनीच्या क्लेम विभागात बावीस वर्षं काढली. कोणत्या कलमाखाली तुम्हाला काहीही मिळणार नाही, हे मी लोकांना अत्यंत सभ्य भाषेत कळवत आलो आहे.

'चार्जिंगचा शिष्टाचार' लिहून काढला. एकूण अकरा नियम. नियम एक: ऐंशी टक्के झालं की केबल काढावी. नियम चार: ज्याचे टक्के कमी, त्याचा नंबर आधी. नियम नऊ: चुकणाऱ्याशी नम्रपणे बोलावं. लॅमिनेट करून चार्जरच्या वर लावला.

बायकोने वाचला. म्हणाली, हे वाचणार कोण, टीचरबाई एकट्याच ना, मग त्यांना तोंडीच सांगायचं. तिला लांबचं दिसत नाही.

११ मार्च, मंगळवार

सकाळी सात. टीचरबाईंची गाडी त्र्याऐंशी टक्के, तरी केबल तशीच. नियमानुसार मी काढली. काचेवर चिठ्ठी चिकटवली. गोंद जरा जास्त झाला.

बाईंना आज दोन शाळांमध्ये परीक्षेची ड्यूटी होती म्हणे, फुल चार्ज लागणार होतं. लिफ्टपाशी वाटेल ते बोलल्या. इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणजे तुम्ही काय संत झालात का, असंही. मी नियम नऊ सोडला नाही. वॉचमन म्हणतो, माझा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत येत होता. वॉचमनला उंच आवाज आणि स्पष्ट आवाज यांतला फरक कळत नाही.

१६ मार्च, रविवार

सासऱ्यांना गुरुवारी हॉस्पिटलमध्ये हलवलं. आज भेटायला निघालो. दोनशे दहा किलोमीटर. वाटेत हायवेवर एका हॉटेलच्या आवारात चार्जर आहे. पोचलो, तर त्याच्यासमोर पेट्रोल गाडी आडवी लावलेली. त्या गाडीचा मालक आत जेवत होता. त्याला शोधून काढलं आणि ही जागा का राखून ठेवलेली असते ते पहिल्यापासून समजावलं. तो म्हणाला, गाडी काय बाळंत व्हायचीय का. मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. पन्नास मिनिटं. मग चार्जिंग.

हॉस्पिटलला पोचलो तेव्हा भेटीची वेळ संपली होती. बायकोने वडिलांना दाराच्या काचेतून पाहिलं. त्यांनी हात वर केला, तोही अर्धाच.

तो पेट्रोलवाला मात्र जन्मात पुन्हा तिथे गाडी लावणार नाही.

परत येताना बायको मागच्या सीटवर बसली. घरी आल्यावर म्हणाली, पुढच्या वेळी मी बसने जाईन.

२३ मार्च, रविवार

बायको बसने गेली. तेवढाच तिला बदल.

मी बिल्डिंगच्या मीटिंगसाठी थांबलो, कारण विषय माझाच होता. धुराडेने प्रस्ताव आणला: शिष्टाचाराचा बोर्ड उतरेपर्यंत चार्जरला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे. सतरा विरुद्ध एक. टीचरबाईंनीही हात वर केला, त्याही सगळ्यांत आधी. एक जण म्हणाला की आमच्या मेंटेनन्समधून यांच्या गाड्या चालतात आणि वर आम्हालाच शिकवतात. सगळ्यांच्या पोटात दुखतंय, दुसरं काही नाही. पुढे चालणाऱ्याला पाठीमागून बोलणी ऐकू यायचीच.

संकल्प: किल्ली मागायची नाही. ऑफिसजवळच्या चार्जरवर भागवायचं. बोर्ड उतरवायचा तर प्रश्नच नाही.

बायको आली ती डोळे सुजलेली. सासरे फार थकले आहेत. बस म्हणाले तिला, आणि नुसता तिचा हात धरून राहिले.

२९ मार्च, शनिवार

सकाळी ९.४०. मेहुण्याचा फोन. डॉक्टरांनी सांगितलंय, जवळच्या माणसांना बोलावून घ्या, आजचा दिवस निघेल की नाही सांगता येत नाही. बायको बॅग भरते आहे. तोच टॉवेल घडी घालून ठेवते, काढते, पुन्हा घडी घालते. मला म्हणाली, काहीही करा, मला बाबांचा जीव आहे तोवर पोचवा.

धुराडे दारात आला. कसं कळलं कोण जाणे. म्हणाला, माझी गाडी न्या, टाकी फुल आहे, मीच चालवतो वाटल्यास, तीन तासांत वहिनींना दारात उतरवतो. मी त्याला पुरता ओळखून आहे. उद्या सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरेल की वेळ आली तेव्हा डिझेलच कामाला आलं. नको म्हणालो. बायको बाथरूममध्ये होती. तिला सांगितलं नाही, आधीच तिच्या डोक्याला कमी ताप नाही.

गाडी एकसष्ट टक्के आहे. ऑफिसजवळच्या चार्जरला काल रांग होती. हरकत नाही. हॉटेलवर चाळीस मिनिटं लावली की आरामात पोचतो.

दुपारी १.३०. हॉटेल. चार्जर रिकामा. म्हटलं होतं ना. बॅटरी वाचावी म्हणून एसी बंद ठेवून, अगदी हळू चालवत आलो. बायको घामाने भिजली. आता आत बसून भावाशी फोनवर बोलते आहे. सासरे शुद्धीवर आहेत, तिची वाट पाहताहेत.

१.५५. आजचा दिवस लक्षात राहील.

मागे एक गाडी येऊन थांबली, तीही इलेक्ट्रिक. तिचे चारच टक्के उरले होते. उतरलेल्या माणसाने विचारलं, अजून किती वेळ. मग म्हणाला, परवा इथेच एकाने तासभर जागा अडवली आणि वर अरेरावी केली, आपलेच लोक असं वागतात म्हणून सगळे आपल्याला नावं ठेवतात. अगदी माझ्या मनातलं बोलला. मी त्याला नियम चार सांगितला: ज्याचे टक्के कमी, त्याचा नंबर आधी. तो म्हणाला, नको नको, तुमचं चालू आहे, तुम्हाला कुठे पोचायची घाई असेल.

मी म्हणालो, घाई नाही, तुम्ही लावा.

स्वतःच्या हाताने केबल काढून त्याच्या गाडीला लावली. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, तुमच्यासारखी चार माणसं असती तर लोकांचं मत बदललं असतं. गाडी घेतल्यापासून मला कुणी असं म्हणालं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

बायको बाहेर आली. झालं का चार्जिंग, म्हणाली. मी म्हणालो, झालं, पुरेल. निघतो.

३.१५. रस्त्याच्या कडेला. बावीस किलोमीटर बाकी.

आधी गाडीने आपणहून वेग कमी केला, मग थांबलीच. चढ होता. या चढाचा विचार कंपनीने केलेला दिसत नाही. टॅक्सीवाला म्हणतो, दीड तास लागेल. बायको रस्त्यावर उभी राहून येईल त्या गाडीला हात करते आहे. एक गाडी हळू झाली. मागच्या सीटवरच्या मुलीने काच खाली करून आमचं शूटिंग केलं, चालवणारा ओरडला, ढकला आता, आणि गेले. लोकांच्या मनात आपल्याबद्दल हे असं साठलेलं आहे. याच्याशी लढायचं आहे.

बायकोने एकदाच विचारलं, अजून किती वेळ. मी म्हणालो, बॅटरी थंड झाली की थोडी चालेल. असं कुठेतरी वाचलं होतं.

३.५०. हॉटेलवरचा तो माणूस मागून आला आणि थांबला. बायकोने त्याला वडिलांचं सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहत राहिला. मागची सीट खोक्यांनी भरलेली, जागा एकाचीच. तिला घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, अहो, मी विचारलं होतं ना तुम्हाला.

मी शिष्टाचार वगैरे काहीतरी म्हणालो. तो काच वर करत होता.

संध्याकाळी ७.२०. गाडी टोइंगवाल्याच्या ट्रकवर चढवून, त्याच्या शेजारी बसून पोचलो. सासरे चारला गेले. बायको सव्वाचारला पोचली.

३१ मार्च, सोमवार

मेहुण्याशी बोललो. म्हणजे तो बोलला, मी ऐकलं. शेवटचे अडीच तास ते दर थोड्या वेळाने विचारत होते, कुठवर आली. तो सांगायचा, हॉटेलवर आहेत. मग, निघाले. मग, जवळच आहेत. शेवटी त्याला राहवेना, खोटंच सांगितलं की आली, खाली गाडी लावताहेत. तेव्हा त्यांनी मान दाराकडे वळवली ती तशीच राहिली.

बायको इथेच थांबणार आहे, आईजवळ. तिने मला काहीही विचारलेलं नाही. मी समोर गेलो की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते.

तो हॉटेलवरचा माणूस त्या दिवशी बराच वेळ तिच्याजवळ बसून होता म्हणे. कागदपत्रांनाही त्यानेच मदत केली. मुळात माणूस चांगलाच होता, मी म्हटलंच होतं.

कंपनीला तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं आहे. मुद्दे: चढाचा हिशेब नाही, हायवेवर चार्जर अपुरे, डिस्प्ले ग्राहकाची दिशाभूल करतो. एकूण नऊ मुद्दे. क्लेमची भाषा मला येतेच.

६ एप्रिल, रविवार

घरी एकटा. बोर्ड उतरवला. वारा लागून खडखडत होता, म्हणून.

धुराडे येऊन बसला. चार्जरची किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाला, त्या दिवशी मी आणखी जोर करायला हवा होता, पण वहिनींनाच नको असेल असं वाटलं. मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्याने विचारलं नाही. वहिनी आल्या की भेटायला येतो म्हणाला. मी म्हणालो, इतक्यात नको.

त्याच्या नातवाचा खोकला मला भिंतीतून ऐकू येत होता. काय विचार करून मी त्याला त्यावरून ऐकवलं होतं, कोण जाणे.

१२ एप्रिल, शनिवार

बायकोचा फोन. दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिने आपणहून केला.

म्हणाली, एकच विचारते, खरं सांगा. हॉटेलमधून निघताना पुरेल म्हणालात, तेव्हा तुम्हाला खरंच पुरेल असं वाटलं होतं का.

मी म्हणालो, हो. डिस्प्ले चुकला. कंपनीला पत्र पाठवलंय, असं बऱ्याच गाड्यांत होतं म्हणतात. नऊच्या नऊ मुद्दे सांगितले.

ती रडायला लागली. म्हणाली, इतके दिवस मी मनातल्या मनात तुम्हाला बोल लावत होते, तुमचा तरी काय दोष, तुम्ही तर मला पोचवायलाच निघाला होतात. माझी माफी मागितली. मी म्हणालो, असू दे, असं होतं माणसाचं.

सोमवारी परत येते म्हणाली. घर आवरून ठेवायला हवं.

पत्र समोरच आहे. पाठवलेलं नाही. डिस्प्ले चुकला नव्हता. केबल काढली तेव्हा त्यावर अठ्ठावन्न किलोमीटर दिसत होते, आणि हॉस्पिटल एक्याऐंशी होतं. मी दोन्ही आकडे पाहिले होते.