साठ दिवसांचं व्हाउचर

३ डिसेंबर २००४, कॅरी, अमेरिका
व्हाउचर मिळालं! नोकरी गेल्यावर भाड्याच्या सरकारी मदतीसाठी अर्ज केला, त्याला अडीच वर्षं झाली. अट एकच: साठ दिवसांत घर शोधायचं. राहतं घर मालक विकतोयच. वीणा म्हणाली, उद्यापासून बघू या. म्हटलं, घाईत चुकीचं घर घेतलं जातं. आधी स्प्रेडशीट.

११ डिसेंबर
स्प्रेडशीट तयार. तेवीस कॉलम. वीणाने परस्पर एक घर पाहिलं. दोन बेडरूम, आमच्या रोशनीची शाळा तीच, मॅनेजरबाईंना व्हाउचर चालतं. पण डिशवॉशर नाही! नको म्हणून कळवलं.

१९ डिसेंबर
ते घर गेलं. बरंच झालं.

५ जानेवारी २००५
सतरा फोन. ‘सेक्शन एट’, म्हणजे सरकारी व्हाउचर, म्हटलं की पलीकडचा आवाज बदलतो. सुट्ट्यांचा परिणाम असणार. डिशवॉशरचा कॉलम काढून टाकला.

१२ जानेवारी
मराठी मंडळातल्या अमितचं टाउनहाउस रिकामं आहे. आपला माणूस! म्हणाला, "काका, व्हाउचरवाल्यांचं सरकारी इन्स्पेक्शन वगैरे भानगडीत मी पडत नाही. पण तुमचं तर कन्सल्टिंग जोरात आहे ना?" म्हटलं, एका मित्रासाठी विचारतोय. आणि काका काय? फार तर पाच वर्षांनी लहान आहे माझ्याहून.

२४ जानेवारी
मुदतवाढ मिळते. लेखी अर्ज एक फेब्रुवारीपर्यंत ऑफिसात पोचला पाहिजे. लिहायला घेतला. रोशनीने वाचला. "बाबा, जस्ट से वी नीड मोअर टाइम." नववीतल्या मुलीला ड्राफ्टिंग काय कळणार!

३१ जानेवारी
पाचवा मसुदा. वीणा म्हणते, आजच देऊन ये. पण शेवटचा पॅरा ढिला वाटतोय. उद्याचा अख्खा दिवस आहे.

२ फेब्रुवारी
काल चार चाळीसला पोचलो. ऑफिस साडेचारला बंद. आत बाई दिसत होत्या. काचेवर टकटक केलं, अर्ज काचेला लावून धरला. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं.
आज सकाळी पुन्हा गेलो. व्हाउचर संपलं. प्रतीक्षायादी पुन्हा उघडेल तेव्हा नव्याने अर्ज करा. कधी उघडेल, ते त्यांनाही माहीत नाही.
वीणा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सरळ मंडळातल्या रत्नाताईंना फोन लावला. त्यांच्या गॅरेजवरची खोली रिकामी आहे. मी शेजारीच उभा होतो. किती दिवसांसाठी, असं त्यांनी विचारलं असावं. वीणाने माझ्याकडे पाहिलं.