सहा बदाम आणि मागची भिंत

४ सप्टेंबर
आजपासून संताप बंद. ब्रिज क्लबात माझ्या भिडू जिएन बाईंनी एक बदामची बोली लावली. माझ्याकडे बदामाची चार पानं, राजासकट, आणि बाकीच्या रंगांत दोन एक्के. भिडूच्या रंगाला याहून भक्कम आधार कोण देणार? थेट चार बदाम म्हणालो. बाईंनी पास केलं. हात झाले बारा, म्हणजे सहाच्या बोलीची घसघशीत बक्षिसी, स्लॅम, हुकली.

बाई शांतपणे म्हणाल्या, फान साहेब, थेट चारवर उडी कमजोर पानांनी मारायची असते. तगडी पानं असतील तर सावकाश जायचं, आधी दुसरा रंग दाखवायचा, म्हणजे मलाही बोलायला जागा राहते. तुम्ही चार म्हणालात की माझं तोंड बंद.

आयुष्यभर कस्टममध्ये लोकांची तोंडं बंदच करत आलो. शिवाय क्लबचा अध्यक्ष मी. तरी हसलो.

संकल्प: सावकाश जाणे.

जाता जाता बाई मागच्या भिंतीपाशी थबकल्या. आमची खोली टेकडीला पाठ टेकून आहे. भिंतीला भेग पडलीय म्हणे, उन्हाळ्यात नव्हती. असेल. माझ्या कपाळावरही आठ्या आहेत.

११ सप्टेंबर
ठरलं. बंदर करंडक यंदा आपल्याच खोलीत, २५ ऑक्टोबरला. तैपेईहूनही संघ येणार. अध्यक्षीय भाषणाचा कच्चा खर्डा तयार. जरा लांबलाय, पण लोकांना आवडेल.

बाई म्हणाल्या, त्याआधी भिंत एकदा नगरपालिकेला दाखवू. बाई रस्ते खात्यात इंजिनियर होत्या, नोकरीभर टेकड्या फोडल्या, त्यामुळे त्यांना जिकडे तिकडे दरडी दिसतात. दाखवली तर ते कुलूप ठोकतील. मग करंडक काय रस्त्यावर खेळवायचा? विषय संपला, असं सांगितलं.

भेगेवर मासळी बाजाराचं मोठं कॅलेंडर टांगलं. खोली एकदम उजळली.

१९ सप्टेंबर
आज सावकाश गेलो. बाई एक बदाम. मी दोन किल्वर. बाई दोन बदाम. मी तीन बदाम, म्हणजे माझ्याकडे दम आहे, तुमच्याकडे आणखी काही असेल तर बोला. बाई चार बदाम. याचा अर्थ म्हणे, माझ्याकडे जास्तीचं काही नाही, इथेच थांबा. मला वाटलं, बाई संकोचतायत. सहा बदाम म्हणालो. या वेळी दोन एक्के समोरच्यांकडे होते. त्यांनी पहिल्या दोन हातांतच आमचा निकाल लावला.

क्लबातला छाय म्हातारा हसून हसून खोकला. म्हणाला, फान, लाल दिवा बघून गाडी जोरात हाणणारा अख्ख्या कीलुंग शहरात तू एकटाच. बाई एवढंच म्हणाल्या की, सावकाश जाऊन काय उपयोग, मधल्या वेळात ऐकायचं असतं.

मी सावकाश गेलो याचं कौतुक कुणालाच नाही.

चहाचा पेला टेबलावरून आपोआप घसरला आणि माझ्या मांडीवर उपडा झाला. सुतारकाम वाईट. टेबलाच्या पायाखाली जुन्या गुणपत्रिकांची घडी सारली.

२ ऑक्टोबर
क्लबचं दार अडकतं. दमट हवेनं लाकूड फुगतं. खांदा लावला की उघडतं. संकल्प: रोज व्यायाम.

घरी आलो तर बायको, युएलान, फोनवर. जिएन बाईंशी. बऱ्याच वेळानं ठेवला. काय एवढं बोलत होतीस विचारलं, तर म्हणाली, तुम्हाला सांगून काय फायदा, तुम्ही लगेच चार म्हणता. तिला ब्रिजमधलं ओ की ठो कळत नाही. हे तिला शिकवलं कुणी?

१० ऑक्टोबर
चांगली बातमी. खोलीमागच्या आधारभिंतीला भोकं आहेत, त्यांतून कायम पाणी वाहायचं, चिखल व्हायचा. गेला आठवडाभर पाऊस कोसळतोय आणि भोकं मात्र ठणठणीत कोरडी. प्रश्न आपोआप सुटला.

बाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्यांनी छत्री बाजूला ठेवली, एका भोकात बोट घातलं, भिजत तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, एवढा पाऊस पडतोय, पाणी येत नाहीये, मग ते जातंय कुठे, साहेब? टेकडीच्या पोटात साठतंय.

पाणी आलं तरी तक्रार, थांबलं तरी तक्रार. तसं बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, या खोलीत मी आता पाऊल टाकणार नाही, आणि तुम्हीही टाकू नका, हात जोडते.

करंडक तोंडावर आणि भिडूचं हे असं. स्लॅम हुकल्याचा राग, दुसरं काय.

१७ ऑक्टोबर
आज तिघेच आले. छायनं टेबल ओढत ओढत दारापाशी नेलं आणि टोपी, रेनकोट न काढताच बसला. पानं वाटताना भिंतीतून आवाज आला. दाताखाली वाळू यावी तसा. सगळ्यांचे हात थांबले. मी म्हणालो, उंदीर. छाय म्हणाला, केवढा असेल रे? कोणी हसलं नाही. डाव अर्धाच टाकून उठले.

एकट्यानं खोली झाडली. कॅलेंडरची खालची कड आता भिंतीला टेकत नाही, वीतभर पुढे लोंबते. कागदाला बाक आला असावा.

२४ ऑक्टोबर
वादळ समुद्रातून बाहेरच्या बाहेर जाणार, असं रेडिओ म्हणतो. वारा मात्र जोरात.

बाईंचा फोन. उद्याचं सगळं कोळी संघाच्या हॉलमध्ये, असं काहीतरी त्यांनी सुरू केलं. मी मध्येच तोडलं. उद्या नऊ वाजता, आपल्याच खोलीत, विषय संपला. फोन ठेवला. अशा वेळी नेतृत्व लागतं.

२५ ऑक्टोबर, संध्याकाळ
सकाळी लवकर गेलो. दाराला दोनदा खांदा लावावा लागला. टेबलं मांडली, अननसाचे केक मांडले, चहा केला. नऊ वाजून गेले. कोणी नाही. कोणाकोणाला काय काय सुनवायचं ते ठरवलं. भाषण एकदा मोठ्यानं म्हटलं. भिंतीवरून माती झरत होती, ती केकवर पडू नये म्हणून टेबल पुढे ओढलं.

मग रस्त्यापलीकडे युएलान दिसली, उलटी झालेली छत्री घेऊन. ओरडली, बाहेर या. म्हटलं, आत ये, केक आहेत. म्हणाली, सगळे कोळी संघाच्या हॉलमध्ये खेळतायत, काल बाई तेच सांगत होत्या, आता मुकाट्यानं बाहेर या.

माझा करंडक, माझ्या पाठीमागे. मी भांडायला बाहेर पडलो. रस्ता ओलांडून तिच्यासमोर बोट उगारलं. एवढ्यात मागून कुणीतरी लांब उसासा टाकल्यासारखं झालं. फार मोठा आवाज नव्हता. वळून पाहिलं तर दार जागच्या जागी उभं होतं आणि दाराच्या आत टेकडी होती.

बोट खाली घ्यायचं सुचलं नाही. युएलाननं घेतलं.

अग्निशमनवाले आले. पाठोपाठ जिएन बाई आणि छाय, डाव टाकून, धापा टाकत. मला वाटलं, बाई आता बोलतील. बोलायला जागाही होती. त्यांनी नुसती माझी बाही घट्ट धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

अधिकाऱ्यानं विचारलं, इथे आज स्पर्धा होती ना, माणसं कुठे आहेत? छाय म्हणाला, या बाईंनी सगळ्यांना हलवलं. अधिकारी बाईंपुढे वाकला. मग माझ्याकडे वळून विचारलं, आणि हे कोण?

मी कोट सारखा केला. तोंड उघडलं.

युएलान म्हणाली, हे चहा मांडायला आले होते.

त्यानं तसंच लिहून घेतलं. मी दुरुस्ती सुचवली नाही.